सिस्टरांचा पारा

मी एक जुने, पाऱ्याचे, रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. मित्रांनो, तुम्ही मला कदाचित पाहिलेही नसेल. हल्ली बटण दाबले की आकडा दाखवून मोकळी होणारी छोटी यंत्रे मिळतात. माझे तसे नाही. माझी लांबट पत्र्याची पेटी उघडून झाकण उभे करायचे, म्हणजे आतली काचेची नळी दिसते. माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबायचा, की नळीतला पारा वर चढतो. मग हळूहळू हवा सोडत, पारा उतरताना कानाने ठोके ऐकायचे. हे काम हाताला आणि कानाला सवयीने येते.

कारखान्यातून मी थेट एका मोठ्या दवाखान्यात आले आणि तिथे एका नर्सच्या, म्हणजे आमच्या सिस्टरांच्या, हाती पडले. अठ्ठावीस वर्षे आम्ही दोघींनी एकाच वॉर्डात काढली. मोठे डॉक्टर म्हणायचे, "दुसरं नको, सिस्टरांचं आणा." हे ऐकून मला फार बरे वाटायचे. पुढे पारा विषारी म्हणून माझ्यासारखी सगळी यंत्रे काढून टाकायचे ठरले. त्याच महिन्यात सिस्टर निवृत्त होत होत्या. निरोपाला काय हवे, असे विचारल्यावर त्यांनी मला मागून घेतले.

"आणि त्यातला पारा सांडला तर?" स्टोअरकीपर म्हणाले.

"इतक्या वर्षांत सांडला का?" सिस्टर म्हणाल्या.

घरी मात्र मी कपाटात चादरींच्या मध्ये पडून राहिले. काही वर्षांत माझ्या रबरी फुग्याला चिरा पडल्या. मी रागावले नाही, पण माझी आठवण कुणालाच नाही, हे मनाला लागायचे.

मग देशातले सरकार बदलले आणि रोज काहीतरी नवे निघू लागले. कुठे सभा बंद, कुठे कुणाला चौकशीचे बोलावणे. सिस्टर एकट्याच राहत. सकाळी गॅसवर चहा ठेवून त्या मोबाईल हातात घ्यायच्या आणि चहा उतू जायचा. जेवताना बातम्या, झोपताना बातम्या. बघून करणार काय, तर काहीच नाही. नुसता जीव टांगणीला.

त्यांच्या मजल्यावर समोरासमोर दोन म्हातारे राहत. एक निवृत्त बस ड्रायव्हर. दुसरे एका वर्तमानपत्रात तीस वर्षे मुद्रितशोधक होते. इमारतीच्या सूचनाफलकावरची शुद्धलेखनाची चूकही ते लाल पेनने सुधारत, म्हणून सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणत. दोघे रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत. मग सरकारने वेलांटीकाकांच्या वर्तमानपत्राला टाळे लावले. ड्रायव्हरकाका बोलून गेले, "काहीतरी केलं असेल त्यांनी. उगाच कोण टाळं लावतं?" त्या दिवशी डाव मोडला आणि बोलणेही थांबले.

एका दुपारी ड्रायव्हरकाकांनी सिस्टरांचे दार वाजवले. "वेलांटी जिन्यात बसलाय. घाम फुटलाय त्याला. माझ्याशी तो बोलत नाही. तुम्ही बघा."

सिस्टरांनी मला कपाटातून ओढून काढले. फुग्याच्या चिरांवर चिकटपट्टी लावली आणि जिन्यातच पट्टा गुंडाळला. माझा पारा उतरू लागला आणि एकशे शहाण्णवलाच पहिला ठोका ऐकू आला. मी कधी खोटे बोलले नाही, पण त्या दिवशी बोलावेसे वाटले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वेलांटीकाका त्या घेईनात. "गोळ्या घेऊन बातम्या बदलणार आहेत का?"

"नाही बदलणार," सिस्टर म्हणाल्या. "पण उद्याच्या बातम्या वाचायला तुम्ही असाल."

वेलांटीकाकांनी पाण्याचा पेला उचलला.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर रोज सकाळी नऊ वाजता मला घेऊन तळमजल्यावर, टपालपेट्यांजवळच्या बाकावर बसू लागल्या. इमारतीतली वयस्क माणसे येऊ लागली. नियम एकच. मोजण्याआधी पाच मिनिटे गप्प बसायचे. बोलले की आकडा चुकतो. ड्रायव्हरकाकाही येत. त्यांना जागा मिळे ती नेमकी वेलांटीकाकांच्या शेजारी. दोघे समोरच्या भिंतीकडे बघत बसत. नवव्या दिवशी वेलांटीकाकांना राहवले नाही.

"गुंडी चुकलीय," ते शर्टाकडे बघून म्हणाले.

ड्रायव्हरकाकांनी खाली पाहिले. "सगळ्याच?"

"दुसरीपासून खाली."

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता दोघांची पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून."

त्या संध्याकाळी पट मांडला गेला.

काही दिवसांनी ड्रायव्हरकाकांनी विचारले, "सिस्टर, तुमचं कोण मोजतं?" सिस्टर पट्टा गुंडाळत बसल्या. त्यांनी वर्षभर स्वतःचे मोजलेच नव्हते. मग दोघा म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडूनच शिकून घेतले. एकाने ठोके ऐकले, दुसऱ्याने चष्मा सावरून आकडा वाचला. एकशे अडुसष्ट.

"बस चालवताना मी आरसा बघायचो," ड्रायव्हरकाका सावकाश म्हणाले. "पण सारखा आरशातच बघत बसलो असतो, तर गाडी झाडावर गेली असती."

सिस्टर हसल्या. त्यांनी गोळी सुरू केली. बातम्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एवढ्याच. चहा आता कपात उतरतो.

टाळे लागलेल्या कचेरीसमोर तिथले जुने कर्मचारी दर गुरुवारी तासभर शांतपणे बसतात. वेलांटीकाकांना तिथे जायचे होते. सिस्टर म्हणाल्या, "मी येते. तिथं सगळी आपल्याच वयाची माणसं. कुणाचं दुखलं-खुपलं तर?" त्या मला घेऊन निघाल्या, तर फाटकाशी ड्रायव्हरकाका उभे.

"माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," वेलांटीकाका म्हणाले.

"पण ती पेटी आडवी-तिडवी धरून चालत नाही. बसमध्ये मी धरतो."

सबंध रस्ता मी त्यांच्या मांडीवर सरळ उभी होते. त्या दिवशी मी अकरा माणसांचा रक्तदाब मोजला. टाळे तसेच आहे. परतताना मात्र तिघांनाही भूक लागली होती. सिस्टर घरी येऊन पोटभर जेवल्या आणि दुपारी गाढ झोपल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा बातम्या बघून गप्प गप्प झाले असतील, तर त्यांना उपदेश करू नका. त्यांच्या हाताला जे काम येते, ते त्यांच्याकडे मागा. आणि माझ्यासारखे एखादे जुने यंत्र घरात असेल, तर त्याचा पारा जपा. सांडला तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा.

आज बुधवार आहे. सिस्टरांनी मला पुसून दाराजवळच्या स्टुलावर ठेवले आहे.