चाळणीचा कप्पा

“लाखभर लोकांत नऊ जण वापरतात, काका. काढून टाकू या,” लेकीच्या वयाची मॅनेजर म्हणाली आणि चाळणीकाकांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

निरोप पाठवायच्या त्या वेबसाइटवर चाळणी बसवली होती ती चौदा वर्षांपूर्वी काकांनीच. एखाद्याचं नाव तिच्यात घातलं, की त्याचे निरोप समोर न येता मागच्या कप्प्यात जाऊन पडत. पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नसे. कप्प्यावर आकडा नको, तारीख नको, हेही काकांचंच डोकं. ज्याला तो माणूस नकोच आहे, त्याला कशाला टोचत राहायचं? या शहाणपणाबद्दल त्यांनी तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. चाळणीकाका हे नावही त्यांना आवडायचं, वरवर कितीही कुरकुर केली तरी.

ऑफिसचा नियम असा, की सोय काढणाऱ्यानंच ती वापरणाऱ्यांना फोन करायचा. आठ फोन जेवणाआधी उरकले. पाच जणांना चाळणी लावल्याचं आठवतही नव्हतं. एकानं तर चाळणी म्हणजे काय, असं काकांनाच विचारलं. काकांनी ते मनाला लावून घेतलं.

नववा फोन एका निवृत्त नर्सबाईंना. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कप्प्यातलं आता कुठे जाणार, ते विचारलं. सगळं समोर येईल, काका म्हणाले, नको असेल तर न उघडता पुसून देतो.

बाईंनी सांगितलं, की चाळणीत त्यांचा धाकटा भाऊ आहे. आईच्या आजारपणात तो फिरकला नाही, तेव्हापासून, म्हणजे साडेपाच वर्षं. कायमचं बंद केलं असतं तर त्याला कळलं असतं. त्यापेक्षा हे बरं होतं. तो लिहितोय, आपण वाचत नाही.

“दर रविवारी लिहायचा, अजूनही लिहीत असणार. लहानपणापासून चिवट,” त्या म्हणाल्या. आवाजात रागापेक्षा अभिमानच जास्त होता. “किती साठलेत?”

काकांच्या स्क्रीनवर मजकूर दिसत नव्हता, आकडा आणि तारखा दिसत होत्या.

“दोनशे बारा.”

“एवढेच?”

“शेवटचा गेल्या वर्षीच्या मार्चमधला आहे, ताई.”

कप्प्यावर साधा आकडा असता, तर तो वाढायचा थांबलाय हे बाईंना तेव्हाच दिसलं असतं. काकांना स्वतःची लाज वाटली.

“पुसू का?” त्यांनी विचारलं.

“नको. काढा तुमची चाळणी. मी इथंच बसलेय.”

काकांनी सगळ्यांत आधी बाईंची चाळणी काढली. फोनवर चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग पेशंटचा कागद वाचावा तशा सपाट आवाजात बाईंनी शेवटचा निरोप वाचला.

“‘ताई, सोमवारी ऑपरेशन आहे. येऊ नकोस. फक्त तुला माहीत असू दे.’” मग त्या म्हणाल्या, “ठेवते. मला एक फोन लावायचाय.”

चार वाजता सगळ्यांचीच चाळणी निघाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. साडेचारला काकांनी बाईंचा नंबर लावला, तर एंगेज. पाचला पुन्हा लावला, तेव्हाही एंगेज. सहा वाजता पिशवी खांद्याला लावून उभ्याउभ्याच त्यांनी आणखी एकदा लावून पाहिला. अजून एंगेजच होता. काकांनी हळूच फोन ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं.