फाटकासमोरचे अकरा दिवस

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत फिल्म दाखवायची, हा उद्योग ग्रंथपालबाईंनी सहा वर्षांपूर्वी स्वतःहून गळ्यात बांधून घेतला होता. फिल्मा सगळ्या एका जातकुळीच्या. कुठे भांडणाऱ्या दोन वस्त्यांनी मिळून खोदलेली विहीर, कुठे हात न उचलता मिळवलेला हक्क. सुरुवातीला नऊ माणसं यायची. त्यातले निवृत्त पोस्टमन तर उघड सांगायचे, "फिल्म कशीही असो बाई, तुमचा पंखा झकास आहे." आता चाळीस खुर्च्या कमी पडत. फिल्म संपली की दिवे लावायचे आणि ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, एवढाच नियम.

त्या महिन्यात आलेली फिल्म त्यांच्याच शहरातली निघाली. बत्तीस वर्षांपूर्वी बटणांच्या कारखान्यात कामाची पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप घालत. एकदा आत धूर कोंडला आणि दोन मुली गुदमरून गेल्या. कुलूप काढा, एवढंच म्हणत तिथल्या कामगार बायका अकरा दिवस फाटकासमोर बसल्या. शेवटी कुलूप निघालं. तेव्हा कोणीतरी केलेलं चित्रण एका माळ्यावर सापडलं होतं, त्याची ही फिल्म.

बाईंनी शिरस्त्याप्रमाणे ती आधी एकट्याने पाहिली. नवव्या दिवशी पोलिसांची रांग आली. बायका मांडीवर हात ठेवून बसलेल्या. एक पोलीस रांगेतून पुढे सरला आणि त्याने समोरच्या बाईच्या मनगटावर काठी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. ती हलली नाही. पोलिसाची टोपी पडली आणि चेहरा दिसला. ते ग्रंथपालबाईंचे बाबा होते.

बाबा फाटकावर होते आणि तिथे काठी चालली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 'वरून हुकूम होता,' या एका वाक्यावर विषय मिटलेला. तेव्हा नववीत असलेल्या बाईंनी शाळेत टोमणे मारणाऱ्यांच्या तोंडावर तेच वाक्य फेकलं होतं.

त्या घरी गेल्या तेव्हा बाबा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते.

"बाबा, या रविवारी फाटकाची फिल्म आहे. तुम्ही आहात त्यात."

बाबांनी घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली. "चेहरा दिसतो?"

"दिसतो. दुसरी फिल्म लावू का?"

"ती बाई आहे अजून?"

"आहे. शिवणाचा क्लास चालवते. सहा वर्षं दर महिन्याला येते, दुसऱ्या रांगेत बसते. फिल्ममधला चेहरा बघेपर्यंत मलाच माहीत नव्हतं, ती हीच म्हणून."

"मग दाखव," बाबा म्हणाले. "मीही येतो."

रविवारी खोली गच्च भरली. बाबा भिंतीला टेकून शेवटच्या खुर्चीवर बसले. नवव्या दिवसाचं चित्र आलं तेव्हा बाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. दिवे लागले. मग दुसऱ्या रांगेतून शिवणाच्या मावशी बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"हाड वाकडं बसलं. कात्री डाव्या हाताने धरायला शिकले. लोक म्हणतात, बायका भ्याल्या म्हणून गप्प बसल्या. भ्यालो होतोच की. पण हात उचलला असता, तर दुसऱ्या दिवशी पेपरात कुलपाची बातमी आली नसती, आमच्या हातांची आली असती."

मागे खुर्ची सरकली. बाबा उभे होते.

"तो पोलीस मी."

सगळ्या माना वळल्या. पोस्टमन चांगुलपणाने म्हणाले, "अहो, हुकमाचे ताबेदार तुम्ही. तुमचा काय दोष?"

"हुकूम नव्हता," बाबा म्हणाले. "हुकूम उभं राहायचा होता. रांग सोडायची नाही, असं साहेबांनी दोनदा बजावलं होतं. या बाई माझ्याकडे बघत होत्या. शिवी नाही, दगड नाही, नुसतं बघणं. मला त्याची भीती वाटली. का ते अजून कळलेलं नाही. घरी मात्र हुकमाचं सांगत आलो. पोरीलासुद्धा."

 बाई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

मावशी म्हणाल्या, "मी ओळखत होते तुम्हाला. दवाखान्याच्या रांगेत कितीदा तुम्ही माझ्यापुढे असता. मीही म्हणायचे, हुकूम असेल बिचाऱ्याला. तेवढ्यावर मनाची समजूत घातली होती. आज तीही गेली."

"मला माफी..."

"आज मागू नका. मागितलीत तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि ते माझ्याकडे नाही."

बापलेक घरी चालत निघाले. अर्ध्या वाटेवर बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी मी शाळेत मारामारी केली होती."

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगता येईना."

पुढचे दहा दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं झालं. अकराव्या दिवशी मावशी वाचनालयात आल्या. त्यांच्या क्लासमधून शिकून गेलेल्या मुली एका शिवण कारखान्यात कामाला होत्या. तिथे पाणी प्यायलाही उठू देत नसत. मुलींनी फाटकाशी बसायचं ठरवलं होतं.

"तुमच्या वडिलांना पाठवाल?" मावशी म्हणाल्या. "बसायचं कसं ते मी शिकवेन. समोरच्या रांगेतला माणूस कशाने बिथरतो, ते मला नाही सांगता येणार."

बाबा गेले. बाईही गेल्या. वाचनालयाच्या वरच्या खोलीत चौदा मुली जमिनीवर बसल्या होत्या आणि बाबा त्यांच्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदाच बसणाऱ्यांच्या बाजूने, मांडी घालून बोलत होते.

"पोलीस आले की नुसतं बघत राहू नका. बोला. कशासाठी बसलोय ते सांगा. दोन तास झाले उभे आहात, पाणी हवं का, असं विचारा."

"मार खाऊन वर पाणीही पाजायचं?" एक मुलगी फणकारली.

"मार खाण्याआधी," मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाल्या, आणि मुली हसल्या. बाबा हसले नाहीत.

मुली चार दिवस बसल्या. पोलीस आले, उभे राहिले. काठी उठली नाही. पाचव्या दिवशी मालकाने दर पाळीला तीनदा उठायची मुभा मान्य केली. मुलींनी मागितली होती पाच वेळांची. तेवढ्यावर त्या कामावर गेल्या, काही जणी रागातच.

माफीचा विषय पुन्हा निघाला नाही. दवाखान्याच्या रांगेत मावशी आणि बाबा एकमेकांना मान लववून उभे राहतात, एवढंच. त्या पाचव्या दिवशी घरी आल्यावर बाई बाबांजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांगा. त्या नवव्या दिवशी सकाळी घरातून निघालात तिथपासून."

बाबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.