गच्चीवरची गार खोली

ती खोली भट्टी होती तोवर हेमलताबाईंची होती, याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं.

दिल्लीत मयूर विहारमधल्या त्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट सगळ्यात वरचा, त्यामुळे गच्ची त्यांच्या वाट्याला आलेली. गच्चीवर आधीच्या मालकानं कूलर आणि रजयांच्या ट्रंका ठेवायला लोखंडी पत्र्याची खोली ठोकली होती, दहा बाय बारा. मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी ट्रंका बाहेर काढल्या, टेबल आत नेलं आणि जाहीर केलं, "इथं बसून मी चित्रं काढणार."

"काढ की," दिनकरराव म्हणाले. "पापडही तिथंच वाळव. एका उन्हात दोन कामं."

हा नवरा असाच. अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झाला, पण बायकोच्या फायलीवर कधी सही केली नाही. बाईंनी चौतीस वर्षं एका सरकारी खात्यात नकाशे काढले, दुसऱ्यांच्या पुलांचे आणि दुसऱ्यांच्या गटारांचे. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये रंगांची पेटी उघडायची ती जेवणाच्या टेबलावर, आणि कुकरची शिट्टी झाली की मिटायची. त्यांना दिल्लीची झाडं रंगवायची होती. सेमल म्हणजे आपली सावर, ढाक म्हणजे पळस, आणि बहावा, एकेक झाड सगळ्या ऋतूंत. फार मोठं मागणं होतं का हो? पण तापल्या पत्र्याखाली पाण्यातला रंग पसरायच्या आधीच वाळायचा, आणि आकाशभर डाग पडायचे.

मग त्यांनी खोलीला आतून अस्तर करायचं ठरवलं. नकाशा स्वतःच काढला; हात त्यातलाच होता. लोखंडी अँगलना लाकडी पट्ट्या, पत्र्यापासून बोटभर हवा सोडून ऊन अडवायला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, त्यावर चंदेरी फॉइल आणि वरून प्लाय. छपराला बाहेरून चुना. इरशादभाई सुतार खिळ्यांचा डबा घेऊन आले.

"कील नहीं भैया, पेच लगाओ," बाई म्हणाल्या. "कभी खोलना पड़ा तो?"

"इतना करके कौन खोलता है जी," इरशादभाई हसले, पण त्यांनी ऐकलं.

ग्लासवूल बाईंनी आपल्या हातांनी भरलं. त्याची कुसळं कोपरापर्यंत शिरली, पंधरा दिवस खाजवून जीव नकोसा झाला. दिनकरराव जिन्यातून ओरडायचे, "झाला का ताजमहाल?" वर मात्र एकदाही आले नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताजमहाल झाला. बाईंनी खिडकीत जुना कूलर लावला, कागद ओला केला आणि निळा रंग सोडला. तो पसरला. सावकाश, आपल्या मनानं, कागदाच्या कडेपर्यंत पसरत गेला. बाई खुर्चीत बसल्या आणि घळाघळा रडल्या. साठाव्या वर्षी असं रडायला मिळणं हेही भाग्यच.

हे भाग्य नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी दुपारी वीज गेली, खालचा एसी बंद पडला, आणि दिनकरराव पहिल्यांदा वर आले. "अगं, इथं तर बिल्कुल गार आहे! कमाल आहे हं." ते कोपऱ्यातल्या चटईवर टेकले. "पाचच मिनिटं पडतो. तू कर तुझं." पाच मिनिटांत घोरायला लागले. वीज आली तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चटईची गादी झाली, पुढच्या आठवड्यात गादीचा दिवाण. मग त्यांचे मित्र भाऊसाहेब रमी खेळायला वर येऊ लागले. "वहिनी, तुम्ही उठताच आहात तर चहा आणा ना थोडा." बाई उठत नव्हत्या, पण उठल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान एकटा येतो. इथं जोडीनं आले. बाईंचं टेबल खिडकीपासून भिंतीला गेलं, भिंतीपासून दाराला.

एका सकाळी बाई जवळच्या संजय लेक तळ्यावरचा बहावा पाहायला गेल्या. परतल्या तर खोलीत टेबल नव्हतं. त्याच्या जागी दिनकरराव आणि भाऊसाहेब चालवत त्या महाराष्ट्र मंडळाचं पत्र्याचं कपाट उभं होतं. टेबल खाली, जेवणाच्या खोलीत. सेमलाचं चित्र दिवाणावर पडलेलं, त्यावर चहाच्या पेल्याचे दोन गोल.

"अहो, ही खोली मी माझ्यासाठी केली होती."

"आपल्यासाठी म्हण की," दिनकरराव पत्ते पिसत म्हणाले. "आणि तुझं काय यार, तू कुठेही बसून काढतेस. क्वार्टरमध्ये नव्हतीस का काढत?"

बाई चित्र उचलून खाली गेल्या. आतून मात्र जळफळल्या. चौतीस वर्षं शिट्टीसरशी पेटी मिटली, ती या माणसाच्या लक्षात अशी राहिली होती तर.

दोन दिवसांनी मंडळाची माणसं, दिनकररावांसकट, कोपर्निकस मार्गावर कुणा पाहुण्याच्या स्वागताला गेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बाईंनी भंगार नेणाऱ्या कबाडीवाल्याला वर बोलावलं, त्याच्या मदतीनं कपाट आणि दिवाण खाली उतरवले. मग त्याला दारात थांबवून स्क्रू काढायचा पेचकस हातात घेतला. कुठला पेच कुठे आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आधी प्लाय निघाला, मग फॉइल, मग पट्ट्या. ग्लासवूल पुन्हा कोपरापर्यंत टोचलं. कबाडीवाल्यानं सगळं नेलं, कूलरही. छपरावरचा चुना तेवढा त्यांनी एकटीनं घासून काढला, आणि टेबल पुन्हा वर आणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला दिनकरराव उशी काखेत मारून वर आले. दार उघडताच तोंडावर झळ आली. ते उंबऱ्यावरच थांबले.

"वेड लागलंय का तुला? एवढी मेहनत केलीस ती मातीत घातलीस?"

"या ना आत," बाई म्हणाल्या. "पाचच मिनिटं पडा."

त्यांनी घाम पुसला आणि ते चपला फटफटवत खाली गेले. नंतर कधी वर आले नाहीत.

बाईंनी ओला पंचा डोक्यावर घेतला आणि निळा रंग कागदावर सोडला. तो बोटभर सरकला आणि वाळला. आकाशाला डाग पडला. त्यांनी डागाकडे क्षणभर पाहिलं, उठून दाराला आतून कडी घातली, आणि त्याच आकाशाखाली बहावा काढायला घेतला.