हनुवटीवरची नोकरी

मित्रांनो, तुमच्यासमोर आहे तो मी एक जुना मास्क. दुकानातला नव्हे, घरी शिवलेला. माझी डावी बाजू जरा तिरकी आहे, पण मला त्याची लाज वाटत नाही. लाज कुणाला वाटायला हवी, ते सांगतो.

साथीचे दिवस होते. ताई ग्रंथालयात कामाला. शिवणकाम तिच्या हाताला ठाऊक नव्हते. तरी तिने उशीचा जुना अभ्रा कापला, दोन पदर जोडले आणि तीन चुण्या घातल्या. त्या उलट्या पडल्या. तिने सगळे उसवून पुन्हा शिवले. नाकापाशी पावाच्या पुड्याची तार घातली. हा खटाटोप धाकट्या भावासाठी. तो टपाल कचेरीत खिडकीवर बसायचा. दिवसभर माणसे त्याच्या तोंडासमोर.

पहिल्या दिवशी साहेबांनी माझे कौतुक केले. "मीच शिवला," भाऊ म्हणाला. मी त्याच्या तोंडावरच होतो, त्यामुळे थाप माझ्यातूनच गाळून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवसापासून माझी बदली हनुवटीवर झाली. साहेब दिसले की मी नाकावर, साहेब वळले की पुन्हा खाली. माझ्याच कापडाने तो चष्मा पुसायचा, कपाळाचा घाम टिपायचा. एका आजीबाईंनी मास्क वर घ्यायला सांगितले, तर त्याने त्यांनाच दूर उभे राहण्याचा उपदेश केला. असा शहाणा मी दुसरा पाहिला नाही.

पुढे व्हायचे तेच झाले. त्याला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी उतरला. त्याची सेवा करणाऱ्या ताईला मात्र दवाखान्यात न्यावे लागले. अकरा दिवस ती तिथे होती. घरी आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. भेटायला आलेल्या काकांना भाऊ सांगत होता, की घरच्या चिंधीने काय होणार, विकतचा मास्क असता तर ही वेळ आली नसती. नाचता येईना, अंगण वाकडे!

ताईने पलंगावरून ऐकले. ती हळू आवाजात म्हणाली, "चिंधीचा दोष नाही रे. ती तोंडावर असती, तर कळलं असतं."

भाऊ चहा टाकतो म्हणून आत पळाला. माफीचा एक शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि त्या वेळी तर मी तोंडावर नव्हतो.

नंतर ताईने मला उकळून, उन्हात वाळवून स्वतःसाठी ठेवले. परवा भाऊ शर्ट घेऊन आला. "तायडे, एवढी बाही शिवून दे ना." तिने पुस्तकातून मान वर न करता सुईदोऱ्याचा डबा त्याच्याकडे सरकवला. अर्धा तास झाला, भाऊसाहेबांना सुईत दोरा ओवता आला नव्हता.

मित्रांनो, मला जपू नका, कापड झिजायचेच. पण कुणी तुमच्यासाठी जीव लावून काही केले, तर ते नीट वापरा. तेवढेही जमत नसेल, तर निदान त्याला चिंधी म्हणू नका.