सुकटीचा वास

मे महिन्यात धरणगावात कूलरशिवाय दुपार काढायची म्हणजे भट्टीत बसायचं. त्यात मेहरुनचा नातू तान्हा, अंगभर घामोळ्या. म्हणून तिच्या नवऱ्याने, गनीमियांनी, बटणांच्या बोर्डात भिंतीतल्या जुन्या वायरीला कूलरची नवी वायर पिळून जोडली, वर टेप गुंडाळला आणि कूलर सुरू केला. बाळाची झोळी त्याच्यासमोर, बोर्डाच्या अगदी खाली टांगली. नवऱ्याच्या या कारागिरीचं मेहरुनला कोण कौतुक!

पण कूलर आला आणि घरात सुकटीचा वास घुमू लागला. मेहरुनने लगेच निकाल लावला. सुनेच्या, जीनतच्या माहेरून, चोपड्याहून, सुकटीचा डबा आला होता ना! "झाकण लावायला शिकवलं नाही का आईनं?" म्हणत तिने तो डबा उचलून शेजारच्या ममताला देऊन टाकला. जीनत मान खाली घालून झोळी हलवत राहिली.

डबा गेला, वास काही गेला नाही.

"अम्मी, कूलर लावला की मगच येतो वास," जीनत एका दुपारी म्हणाली. "बोर्डातून येतोय."

"बोर्डात काय मासे पोहतात?"

जीनत सरळ उठली. कूलर बंद केला, झोळी सोडली आणि बाळाला पलीकडच्या खोलीत नेऊन पंख्याने वारा घालत बसली. पोर किंचाळत होतं. मेहरुनचा पारा चढला. "उकडून मारशील त्याला!" म्हणत ती बटणाकडे धावली, तर कधी वर मान न करणारी ही पोरगी तिच्या आधी धावत येऊन बोर्डासमोर आडवी उभी!

"आधी लीलाधरभाऊंना बोलवा."

लीलाधर वायरमन आला. मेन स्विच पाडून त्याने बोर्ड उघडला. टेप वितळून काळा झालेला, मागची लाकडी पट्टी कोळशासारखी.

"अक्का, हाऊ सुकटना वास नही शे. वायर तापनी का असाच वास येस. भितमधली अॅल्युमिनियमनी, कूलरनी तांबानी. दोन्ही नुसत्या पिळीसन जोड्या का सांधा ढिला पडस, मंग पेट घेस."

त्याने दोन्ही वायरींची जळकी टोकं कापली, तार घासून चकचकीत केली आणि खास या दोन धातूंच्या जोडणीसाठी असलेला कनेक्टर बसवला. प्रत्येक वायरीला वेगळं भोक, एकमेकींना शिवायला नको. स्क्रू आवळून वायरी ओढून पाहिल्या, वर डबी बंद केली. घरातले बाकीचे सांधेही तपासायला हवेत, म्हणाला. गनीमियां पुढे होऊन त्याला एकेक बोर्ड दाखवू लागले.

मेहरुन त्या काळ्या पट्टीकडे बघत राहिली. मग खाली, जिथे रोज बाळाची झोळी असायची. 

कुणाकडे काही मागणं तिला मरणाहून अवघड. तरी ती पदर सावरत ममताच्या दारात गेली आणि दिलेली वस्तू परत मागून आणली. बाळ कूलरसमोर निवांत झोपलं होतं. मेहरुनने डबा सुनेच्या मांडीवर ठेवला.

"बेटी, तू आडवी उभी राहिलीस म्हणून हे घर आहे," ती म्हणाली. "आज सुकट मी करते. तू फक्त जेव."