उलटा धरलेला कागद

सरांनी कागद उचलला, सवयीप्रमाणे फिरवला आणि हात लांब करून पाहू लागले.

“सरळ धरला की माणूस वाचायला लागतो,” ते म्हणाले. “उलटा धरला की आकार दिसतात.”

हे तिने बावीस वर्षांपूर्वी, त्यांच्या अक्षररेखनाच्या वर्गात पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. म्हणून तर तिने आपल्या अक्षरांचा कागद आधीच उलटा ठेवला होता. आता सरांच्या हातात तो सरळ होता.



तरुणपणी सरांनी पहिलीच्या पुस्तकासाठी अक्षरं घडवली होती. एका जाडीची, अंगावरचे सगळे दागिने उतरवलेली. ‘ही अक्षरं की खिडकीचे गज?’ म्हणून लोक हसले. पुढे तीच बसच्या पाट्यांवर गेली, औषधांच्या बाटल्यांवर गेली. लहानपणी ती स्वतःही याच अक्षरांवर वाचायला शिकली होती. पहिलीच्या नव्या पुस्तकासाठी तिने ती अक्षरं पुन्हा रेखली होती. उद्या छपाई होती, आणि सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ती पाठवणार नव्हती.

“ळ कसा वाटतो, सर?”

“छान. छानच.”

सर कधी छान म्हणत नसत. त्यांचं ‘चालेल’ मिळालं तरी वर्गातली मुलं आठवडाभर हवेत असत.

“कधीपासून दिसत नाही, सर?”

त्यांनी कागद खाली ठेवला. स्वयंपाकघराकडे मान वळवली.

“हळू बोल. हिला वाटतं, मी रोज पेपर वाचतो.”

“आणि पानं?”

“उलटतो ना. अधूनमधून मान हलवतो. सरकारला दोन शिव्या घालतो.”

तिला हसू आलं. पिशवीतून तिने जाड पुठ्ठा काढला, त्यावर मोठा ळ रेखला, कटरने कापला आणि सरांच्या तळहातावर ठेवला.

त्यांचा अंगठा कडेवरून सावकाश फिरला. थांबला. मागे आला.

“इथे पोट सुटलंय याचं. माझ्यासारखं.”

तिने वाकून पाहिलं. काहीच दिसेना. मग बोट फिरवलं. केसाएवढा फुगवटा लागला. तिने मूळ कागद पाहिला. जागा कळल्यावर तिथेही तो दिसला.

“बाकीची अक्षरं कापायला किती वेळ लागेल?” सरांनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

“रात्र होईल.”

“अगं,” त्यांनी आत हाक मारली, “ती मोठी कात्री कुठे आहे?”

सरांच्या पत्नी बाहेर आल्या. सरांकडे न बघता त्यांनी टेबलावरची जागा मोकळी केली.

“दोन आणल्यात,” त्या म्हणाल्या, आणि पुठ्ठा पुढ्यात ओढून बसल्या.