सहा फुलांचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. बोलेन सगळं, पण उघडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कुडाळच्या आत्माराम लोहारांनी मला घडवलं. सव्वा किलोचं लोखंडी अंग, तोंडावर पितळेची सहा फुलं. त्यातलं एक दाबून सरकवलं की किल्लीचं भोक दिसतं. किल्ली फिरवून लोक कडी ओढतात, आणि कडी हलत नाही. तिथून पुढे काय करायचं, ते आत्मारामांनी फक्त आपल्या मुलीला, शोभनाला शिकवलं.

शोभनाबाई शिक्षिका झाल्या. शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटाला मी बावीस वर्षं होतो. एकदा चोर आले. माझ्याशी झटून थकले आणि शेवटी कपाटाची फळी फोडून सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. सकाळी शिपाई म्हणाला, "काय उपयोग ह्या कुलपाचा?" मला राग आला. फुटली ती फळी. मी नाही फुटलो!

२००५ साली शोभनाबाई मला घेऊन जर्मनीत र्युसेल्सहाइमला मुलाकडे आल्या. देवदत्त मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्याला कुलपांचा नाद. भिंतीवर चौसष्ट कुलपं मांडलेली. आकडे जुळवायची, अक्षरं जुळवायची, चुंबकाची, स्क्रूसारखी किल्ली घालायची. कुठलं कशानं उघडतं, याची प्रत्येकाखाली चिठ्ठी. माझी चिठ्ठी कोरी.

"आई, सांग ना गं."

"शोध की. इंजिनिअर आहेस ना?"

वर्षभर त्यानं शोधलं. मग गावातल्या ग्रंथालयानं त्याच्या कुलपांचं प्रदर्शन ठरवलं आणि त्याचा धीर सुटला. मला मधोमध कापून आतली रचना दाखवायची, असं त्यानं ठरवलं. केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, त्यानं मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि करवत लावली. खांद्यात नखभर खाच पडली. दुखलं. पण कडी मी सोडली नाही.

त्याची बायको सुरेखा कपडे वाळत घालायला खाली आली होती. तिनं ते पाहिलं आणि धावत जाऊन सासूबाईंना घेऊन आली.

शोभनाबाईंनी सरळ करवतीवर हात ठेवला. "बाजूला हो. माझ्या वडिलांच्या हातचं काम आहे हे."

"अगं, पण कुलपं जमवणारे सगळे असंच करतात. बंद कुलूप ठेवून लोकांना दाखवू काय?"

"बंद कुलूपच दाखव. मी बसते त्याच्याजवळ. ज्याला उघडायचंय त्यानं यावं."

"अहो आई, तिथे सगळे जर्मनच बोलणार," सुरेखा म्हणाली.

"बोलू देत. कुलपाला काय कळतंय!"

मला सगळं कळत होतं.

प्रदर्शनात शोभनाबाई पातळावर स्वेटर घालून माझ्याशेजारी बसल्या. लोक रांगेनं आले आणि हरून गेले. शेवटी हेर क्रूगर, म्हणजे क्रूगरसाहेब, आले. तारेनं कुलपं उघडण्याचा छंद असलेले वयस्कर गृहस्थ. भिंतीवरची अकरा कुलपं त्यांनी हां हां म्हणता उघडली होती. माझ्याशी ते चाळीस मिनिटं झगडले. मग "नाइन", म्हणजे नाही, म्हणाले, मला टेबलावर ठेवलं आणि शोभनाबाईंपुढे मान झुकवली.

शोभनाबाईंनी मला पदराखाली घेतलं. खट्‌ आवाज झाला. बाहेर काढलं तेव्हा मी उघडा होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कसं उघडलं ते दाखवाल का, असं विचारताहेत," देवदत्त म्हणाला.

"सांग त्यांना, नाही."

कुडाळला परत निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी देवदत्तला दूध आणायला पिटाळलं आणि सुरेखाला मला उघडायला शिकवलं. तीनदा करून घेतलं. "त्याला सांगायचं नाही हं."

"नाही सांगणार, आई."

तिनं शब्द पाळला.

यंदा, २००९च्या मार्चमध्ये, कुडाळहून फोन आला. शोभनाबाई गेल्या. त्या दिवशी देवदत्तनं मला भिंतीवरून उतरवलं आणि कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसला. सुरेखा जवळ आली. "दाखवू?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं डोळे पुसले. "नको. मीच शोधीन."

तेव्हापासून दर रविवारी तो मला मांडीवर घेतो. चुकतो, पुन्हा करतो. मला त्याची दया येते, पण मी सुटत नाही. माणसांनो, तुम्हीही या, हवा तेवढा वेळ घ्या. माझ्याकडून मदतीची अपेक्षा मात्र ठेवू नका.